पुन्हा पुन्हा येणारे बोल : एक प्रस्तावना

दुसरीचा वर्ग पाढे म्हणत होता. चाळीस पोरांचा आवाज शाळेच्या पत्र्यावर आदळून रस्त्यापर्यंत येत होता. गुरुजींनी हात वर केला आणि वर्ग गप्प झाला. एक मुलगा मात्र थांबला नाही. खिडकीच्या गजाकडे पाहत, त्याच चालीत तो म्हणत राहिला : बे चोक आठ, बे चोक आठ, बे चोक आठ. पोरे हसली. गुरुजींनी आधी नाव घेऊन हाक मारली, मग दटावले, आणि अखेर त्याला व्हरांड्यात नेऊन बसवले. तिथेही बे चोक आठ चालूच होते. मिनिटभरापूर्वी जे म्हणण्याबद्दल शाबासकी मिळत होती, तेच म्हणण्याबद्दल आता शिक्षा झाली. या अदलाबदलीचा अर्थ त्या मुलाने काय लावला असेल, हा प्रश्न मी बरीच वर्षे बाळगून आहे.

घोकणे आपल्याला परके नाही. संध्याकाळचा परवचा, हरिपाठ, नामजप, कानबाईच्या रात्रीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, सगळीकडे तोच शब्द, तीच ओळ, तीच चाल फिरून फिरून येते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. आपली अडचण होते ती वेळ टळून गेल्यावरही चालू राहिलेल्या आवर्तनाची. सगळे थांबले, हा एकटाच थांबला नाही. मग घरचे म्हणतात, याची कॅसेट अडकली. शेजारी म्हणतात, नजर लागली असेल. डॉक्टरांच्या कागदावर ऑटिझम असा शब्द येतो, आणि शाळेत त्याला स्वमग्न म्हणू लागतात.

स्वमग्न हा शब्द आता रुळला आहे, तो मीही वापरतो, पण तो मला पुरता पटलेला नाही. ज्याला आपण स्वतःत बुडालेला म्हणतो, त्याला तीन घरांपलीकडचा मिक्सर सुरू होण्याआधीच कळतो, आणि गल्लीच्या तोंडाशी वळणारी रिक्षा कोणाची हे तो आवाजावरून ओळखतो. अशा मुलाचा कान बाहेरच लागलेला असतो, अनेकदा आपल्यापेक्षा जास्त.

हे पुस्तक जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत काम करणाऱ्यांसाठी आहे. त्यांत तालुकाभर गाडी पळवणारे फिरते विशेष शिक्षक आले, साध्या शाळेतले गुरुजी आणि बाई आल्या, अंगणवाडी सेविका आल्या, विशेष शिक्षणाचे बी.एड. करणारी मुले-मुली आली, आणि अर्थातच आई-बाप आले. या विषयावरचे बहुतेक लेखन इंग्रजीत आहे आणि ते एका शिक्षकामागे एक मूल, बंद खोली, शांत इमारत असे गृहीत धरून लिहिलेले आहे. आपल्याकडे खोली नाही, शांतता तर नाहीच, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. तरीही त्या लेखनात घेण्याजोगे बरेच आहे. ते काय आणि किती, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

अशी मुले किती, याचा थोडा अंदाज आधी घेऊ. भारतातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली होती. त्या पाचांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले आणि ऑटिझमचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघाले. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांवर होती, धुळ्याची २० लाखांवर. त्या वयाची मुले दोन्ही जिल्ह्यांत मिळून लाखांत भरतात, तेव्हा शंभरात एक धरले तरी आकडा हजारांत जातो. ती सगळीच सतत आवाज काढत नाहीत. पण जी काढतात ती लपत नाहीत, आणि वर्गाबाहेर आधी जातात ती हीच.

आता मूळ विषयाकडे. 'सारखा आवाज काढतो' या एका तक्रारीत निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एखादे मूल शब्दच बोलत नाही, पण दिवसभर 'ई-ई-ई' असा सूर लावते किंवा घशातून गुरगुरते. दुसरे मूल आपण विचारलेला प्रश्न तसाच्या तसा परत करते. तिसरे कालची, महिन्यापूर्वीची, कधी वर्षापूर्वीची ऐकलेली जाहिरात किंवा आईचे रागावणे आज भलत्याच वेळी म्हणते. चौथे एकच प्रश्न पन्नास वेळा विचारते, 'पप्पा कधी येतील?', उत्तर दिले तरी विचारते. अभ्यासक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला इकोलेलिया (परतबोल) म्हणतात, एक तात्काळ, एक उशिराचा. पहिल्याला निव्वळ आवाजाचे आवर्तन म्हणता येईल. चौथ्यात बहुतेकदा काळजी असते. चौघांना एकच औषध द्यायला जाणे ही आपली पहिली चूक, आणि ती आपण सगळ्यांनी केलेली आहे.

या विषयाचा लेखी इतिहास १९४३ पासून धरतात. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात काम करणारे लिओ कॅनर यांनी त्या वर्षी ११ मुलांचे वर्णन छापले. आठ मुलगे, तीन मुली. त्यांतली आठ बोलत होती, तीन बोलत नव्हती. बोलणाऱ्यांच्या बोलण्यात कॅनरना दोन गोष्टी ठळक दिसल्या : ती 'मी' च्या जागी 'तू' म्हणत, आणि 'हो' म्हणायच्या ऐवजी विचारलेला प्रश्नच पुन्हा म्हणत. त्यांच्या यादीतला पहिला मुलगा डोनाल्ड. त्याला वडिलांनी सांगितले, 'हो' म्हटलेस तर खांद्यावर घेईन. डोनाल्ड 'हो' म्हणायला शिकला, पण त्या शब्दाचा अर्थ त्याच्यापुरता 'खांद्यावर घ्या' एवढाच झाला. त्यातून तो शब्द सुटा व्हायला कित्येक महिने लागले. हाच डोनाल्ड ट्रिपलेट पुढे मिसिसिपीतल्या आपल्या गावी बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, जग हिंडला आणि २०२३ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर वारला. शिकवणाऱ्याने ही गोष्ट मनाशी ठेवावी. त्या मुलाच्या 'हो' मध्ये तर्काची उणीव नव्हती. एकदाच भेटलेल्या प्रसंगाला तो शब्द घट्ट चिकटला होता, एवढेच.

कॅनरचे हे निरीक्षण मराठीत आणले की एक गंमत होते, आणि ती मला कोणत्याही इंग्रजी पुस्तकात सापडली नाही. 'जेवलास का?' या प्रश्नाला मराठी माणूस 'हो' म्हणतोच असे नाही. तो म्हणतो, 'जेवलो.' 'चहा घेणार?' 'घेणार.' 'आली का गाडी?' 'आली.' म्हणजे क्रियापद परत करणे ही आपल्याकडे होकाराची सरळ रीत आहे. इंग्रजी कानाला जे पूर्ण चमत्कारिक वाटते, ते आपल्याकडे निम्मे रीतीचे आहे. 'घेणार?' असा प्रश्न ऐकून जे मूल 'घेणार?' असेच म्हणते, त्याच्यात आणि नीट उत्तर देणाऱ्या मुलात फरक उरतो तो सुराचा. एकाचा सूर वर जातो, दुसऱ्याचा खाली येतो. 'जेवलास?' ला 'जेवलास?' म्हणणाऱ्या मुलाला फक्त शब्दाचा शेवट बदलायचा आहे. शिकवण्याचे काम एवढे लहान करून पाहता आले, तर पुष्कळ धीर येतो.

मग ते शिकवायचे कसे? आपण विचारतो, 'पाणी हवं?', आणि मूल बोलले नाही की आपणच सांगतो, 'म्हण, हवं म्हण.' मूल म्हणते, 'म्हण, हवं म्हण.' त्याचे काही चुकलेले नसते. आपण एकाच तोंडाने प्रश्नही विचारला आणि उत्तरही दिले. त्यापेक्षा दुसऱ्या कोणाला, मोठ्या बहिणीला किंवा वर्गातल्या समजूतदार पोराला, मुलाच्या मागे बसवावे. आपण समोरून विचारावे, मागून त्याच्या वतीने 'हवं' असा आवाज यावा, आणि पाणी लगेच हातात पडावे. काही दिवसांनी मागचा आवाज हळू करत न्यावा, मग बंद करावा. यासाठी ना यंत्र लागते ना खोली, एक जास्तीचे माणूस लागते, आणि खानदेशातल्या घरात अजून तरी माणसांची वानवा नाही.

मराठीत आणखी एक खाच आहे. आमच्याकडची कितीतरी मुले 'मी जाते', 'मी खाते' असे म्हणतात, मुलगा असूनही. दिवसभर कानावर पडतो तो आईचा आवाज, आणि मूल वाक्य अख्खेच्या अख्खे उचलते, त्यातले लिंग सोडवून घेत नाही. शाळेत याचीही थट्टा होते. पण घरी अहिराणी असेल तर हा प्रश्न वर्तमानकाळात उठतच नाही. अहिराणीत बाईही 'मी जास' म्हणते आणि बाप्याही 'मी जास' म्हणतो. म्हणजे जो मुलगा शाळेच्या भाषेत चुकतो, तो घरच्या भाषेत बरोबर असू शकतो. हे ज्या तपासणाऱ्याला ठाऊक नाही, त्याने भरलेला तक्ता किती खरा धरायचा?

भाषेचा मुद्दा आपल्या दोन जिल्ह्यांत असा पावलोपावली येतो. धुळ्याच्या खेड्यात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यात पावरी, साक्रीच्या डोंगरपट्ट्यात भिल्ली आणि कोकणी. ग्रियर्सनने १९०७ साली भाषांची मोजदाद छापली तेव्हा खानदेशीला भिल्ली भाषांच्या शेजारी बसवले होते. त्या वर्गवारीवर पंडितांनी वाद घालावा, आपला प्रश्न साधा आहे. मूल घरी अहिराणी ऐकते, शाळेत पुस्तकी मराठी, टीव्हीवर हिंदी, आणि मोबाइलवर इंग्रजी बडबडगीते. त्याच्या परत येणाऱ्या बोलांत या चारही भाषा मिसळलेल्या असतात. 'तुले पानी जोयजे का?' असे जे मूल म्हणते, ते बहुधा स्वतःला पाणी मागत असते, कारण पाणी मिळायच्या आधी आईच्या तोंडून त्याने नेमके हेच ऐकलेले आहे. शाळेतल्या बाई पुण्या-नागपूरकडच्या असतील तर त्यांना ही निव्वळ बडबड वाटेल.

मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे एकदा जाऊन आलेले पालक अनेकदा एक सल्ला घेऊन येतात : घरी एकच भाषा बोला, आणि ती शुद्ध मराठी किंवा इंग्रजी. सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असतो, पण त्याला आधार नाही. दोन भाषांच्या घरात वाढल्यामुळे ऑटिझम असलेल्या मुलांचे बोलणे जास्त मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. नुकसान होते ते वेगळेच. आजीला शुद्ध मराठी येत नाही, म्हणून आजी नातवाशी बोलणे सोडते. ज्या मुलाशी बोलणारी माणसे मुळातच मोजकी, त्याचे एक माणूस कमी होते.

आता कॅनरनंतर काय झाले ते थोडक्यात. बरीच वर्षे या बोलांना निरर्थक मानले गेले आणि ते बंद करणे हेच शिकवणे समजले गेले. कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकात ऑटिझमच्या मुलांची वर्तणूक बदलण्याचे जे प्रयोग झाले, त्यांत मारणे होते आणि विजेचे झटकेही होते. ते प्रयोग करणारे लोव्हास हे या क्षेत्रातले मोठे नाव. त्यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून ही बाजू झाकून ठेवू नये. १९८१ साली बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डचन यांनी चार मुलांचे चित्रीकरण करून त्यांचा प्रत्येक तात्काळ परतबोल तपासला. मूल तेव्हा कोणाकडे पाहत होते, हातात काय होते, पुढे काय केले, हे सगळे. त्यातून सात प्रकारची कामे निघाली. काही बोल मागण्यासाठी होते, काही होकारासाठी, काही फक्त आपली पाळी आली म्हणून, काही स्वतःला आवरण्यासाठी, काही पुढच्या उत्तराची मनात तालीम म्हणून. आणि काही खरोखरच कशासाठीही नव्हते. हे शेवटचे विसरू नये. आजकाल प्रत्येक परतबोलात खोल अर्थ शोधण्याची लाट आली आहे, आणि त्यावर महागडे ऑनलाइन वर्गही विकले जातात. मूल अख्खी वाक्ये उचलते आणि मग हळूहळू फोडते, ही कल्पना जुनी आणि विचारात घेण्याजोगी आहे. पण तिच्यावर उभारलेल्या उपचारपद्धतीला भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही. कर्ज काढून असे वर्ग लावू नका, असे मी पालकांना स्पष्ट सांगतो.

दुसरा प्रवाह वर्तनाच्या अभ्यासकांचा. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांसाठी एक शिस्त घालून दिली : वर्तन थांबवायला धावू नका, ते कशावर टिकून आहे ते आधी शोधा. लोक लक्ष देतात म्हणून? नकोसे काम टळते म्हणून? हवी ती वस्तू मिळते म्हणून? की मूल एकटे असतानाही ते तसेच चालते, म्हणजे त्याचे फळ त्यातच आहे? आवाजाच्या आवर्तनाबाबत पुष्कळदा हे शेवटचे उत्तर येते. मुलाला तो सूर कानात, घशात, ओठांवर गोड लागतो. आपण न्हाणीघरात गुणगुणतो तसेच. म्हणून 'गप्प बस' म्हणण्याचा काही उपयोग होत नाही. ते सुख आपण दिलेले नाही, तेव्हा आपल्याला ते काढूनही घेता येत नाही.

२००७ साली विल्यम अ‍ॅहर्न आणि सहकाऱ्यांनी चार मुलांवर केलेले काम या विषयात फार उद्धृत होते. मुलाने आवर्तन सुरू केले की शिक्षकाने लगेच मध्ये पडायचे आणि त्याला उत्तर येते असे साधे प्रश्न विचारायचे : नाव काय, रंग कोणता. लागोपाठ तीन उत्तरे आवर्तनाशिवाय आली की सोडायचे. चौघांचेही आवर्तन बरेच घटले, आणि तिघांचे योग्य बोलणे वाढले. निष्कर्ष खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण चाळीस पोरांच्या वर्गात हे कोण करणार? आणि दिवसभर केले तर मुलाच्या बाजूने ते कसे असेल? तुम्ही गुणगुणायला लागलात की दर वेळी कोणी येऊन तुम्हाला तुमचे नाव विचारते आहे, असे समजून पाहा. माझे मत असे की ही रीत फार तर पाच-दहा मिनिटांच्या धड्यापुरती वापरावी, मुलाला तो धडा आवडत असेल तर, आणि दिवसाचा उरलेला वेळ त्याला मोकळा ठेवावा.

हे मत बनायला एक कारण झाले. २०१९ साली स्टीव्हन कॅप आणि इतरांनी ऑटिझम असलेल्या ३२ प्रौढांना विचारले, की हे हात हलवणे, झुलणे, आवाज काढणे तुमच्यासाठी काय आहे. उत्तरांचा सूर सारखाच होता : डोक्यात गर्दी झाली की त्याने निभते, आनंद झाला की तो त्यातून बाहेर पडतो, आणि ते जबरदस्तीने बंद करवणे आम्हाला नको होते. शिकवणाऱ्याच्या सोयीचे काय आणि शिकणाऱ्याच्या गरजेचे काय, हा हिशेब आपण इतकी वर्षे एकाच बाजूने मांडत आलो होतो.

याचा अर्थ सगळे चालू द्यावे असा नाही. आवाजामुळे मुलाला स्वतःलाच पुढचे वाक्य ऐकू येत नसेल, बाकीच्यांचा अभ्यास बुडत असेल, एसटीत लोक अंगावर येत असतील, तर काही करावेच लागते. पण करण्याआधी कान तपासून घ्या. कान फुटलेला असणे, दात किडलेला असणे, ऐकायला कमी येणे, ही कारणे खेड्यात वारंवार निघतात. आवाज अचानक वाढला असेल किंवा नव्या प्रकारचा असेल, तर आधी डॉक्टर, मग शिक्षक. मग वर्ग पाहा. पत्र्याखालची दुपार, करकरणारा पंखा, शेजारच्या वर्गातली कविता. मूल कधी कधी बाहेरचा गोंगाट झाकण्यासाठी स्वतःचा आवाज वर चढवते. त्याची जागा खिडकीपासून भिंतीकडे हलवल्यावर निम्मा प्रश्न सुटलेला मी पाहिला आहे. त्यानंतर काम पाहा. गणित सुरू झाले की आवाज आणि चित्रे काढताना शांतता, तर दोष आवाजाचा नसून आपण दिलेल्या गणिताचा आहे.

वेळ आणि जागा शिकवता येतात. दोन पुठ्ठे घ्या, एक लाल, एक हिरवा. हिरवा समोर असताना हवा तितका आवाज, लाल असताना तोंड मिटलेले. सुरुवात अर्ध्या मिनिटाच्या लाल पुठ्ठ्याने करा, लगेच हिरवा, आणि हिरवा वेळ पुष्कळ लांब ठेवा. काही मुलांना हे महिन्याभरात उमजते, काहींना वर्ष लागते, काहींना जमत नाही. ज्यांना सूरच हवा असतो त्यांना अधूनमधून गाणे लावून दिले तर स्वतःचे आवर्तन कमी होते. पण कोणते गाणे हे मुलाने ठरवावे, आणि कधी कधी गाण्याने ते वाढतेही, तेही टिपून ठेवावे. बे चोक आठ म्हणणाऱ्या त्या मुलाच्या बाबतीत आम्ही उलट केले. त्याने थांबायची वाट न पाहता त्याच चालीत पुढची ओळ म्हटली. तिसऱ्या दिवशी त्याने 'बे पंचे' एवढे ऐकून 'दहा' म्हटले. त्याआधी त्याने कोणाच्याही बोलण्याला उत्तर दिलेले कोणी पाहिले नव्हते.

शब्द नसलेल्या मुलाला बोलण्याची दुसरी वाट लवकर द्यावी. चित्रे दिली की मूल बोलणार नाही ही भीती खोटी आहे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले जेलो नावाचे मोफत अ‍ॅप मराठीतही आहे. मोबाइल नसेल तर त्याच्याच तांब्याचा, त्याच्याच डब्याचा, त्याच्याच सायकलीचा फोटो छापून पुठ्ठ्यावर चिकटवावा. परक्या चित्रातला काचेचा ग्लास त्याने कधी पाहिलेला नसतो.

काही गोष्टी मात्र करू नका. तोंडावर हात दाबू नका. ओठांना तिखट लावण्याची धमकी देऊ नका, अजून काही घरांत ती दिली जाते. आणि पाहुणे आले की 'ती साबणाची जाहिरात म्हणून दाखव' असे सांगून त्याचा खेळ करू नका. संध्याकाळी ज्याबद्दल कौतुक, सकाळी त्याबद्दल मार, हे व्हरांड्यातल्या शिक्षेसारखेच आहे.

कायद्याची बाजू आता तितकी अंधारी नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचे नाव आले, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन मुले तपासतात. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय ऑटिझम मोजपट्टी २००९ साली आली. तिच्यात ४० कलमे आहेत, आणि बोलण्याच्या भागात आपला सगळा विषय नोंदलेला आहे : तेच ते बोलणे, परतबोल, चित्कार, मी-तू ची अदलाबदल. पण मोजपट्टी 'किती' विचारते. 'कशासाठी' हे ती विचारत नाही, ते तिचे कामही नाही. तेव्हा प्रमाणपत्रावरचा आकडा पाहून कोणी शिकवण्याची योजना आखू नये. विशेष शिक्षकांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ सालच्या निकालानंतर केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर अशा १० विद्यार्थ्यांमागे एक आणि वरच्या स्तरावर १५ मागे एक असे प्रमाण ठरवले. आमच्याकडे एकेका फिरत्या शिक्षकाच्या वाट्याला गावांची यादी येते, आणि शिरपूरहून धुळ्याला किंवा रावेरहून जळगावला मूल घेऊन जायचे तर आई-बापांची दिवसाची मजुरी बुडते. म्हणूनच या पुस्तकाचा भर घर आणि वर्ग यांवर आहे.

घरात आणि वर्गात ऐकलेले बोल कसे टिपावेत, याचे एक उदाहरण आपल्याकडेच आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जे होते ते कानात आणि जिभेवर होते. मुलगा सोपानदेव आणि घरच्या माणसांनी ते ऐकून उतरवून घेतले म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ते पुस्तक होऊ शकले. उतरवून घेणाऱ्यांनी त्यांची भाषा पुस्तकी करून टाकली नाही, हे मला त्यातले विशेष वाटते. आमच्या कामात मी तेवढेच मागतो.

पुढची प्रकरणे वाचायला घेण्याआधी शंभर पानी एक वही विकत घ्या. आठ दिवस काही शिकवू नका, काही थांबवू नका, फक्त लिहा : मूल काय म्हणाले, त्याच्या आधी काय झाले होते, नंतर काय झाले, जवळ कोण होते. भुसावळ स्टेशनवरची घोषणा ते रात्री झोपताना का म्हणते, हे तुम्हाला कळणार नाही. आईला विचारा, तिला बहुधा ठाऊक असते. बोल अहिराणीत असेल तर अहिराणीतच लिहा, नुसता सूर असेल तर तो जमेल तसा अक्षरांत मांडा, सुधारू नका. वहीच्या पहिल्या पानावर मुलाचे नाव, घरची भाषा आणि आज ऐकलेला पहिला बोल लिहा. पहिले प्रकरण तिथून सुरू होते.